सिगालोवादाचा उरलेला अर्धा भाग

विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी संस्थेच्या वाटचालीवर लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना होती. वाटचालीचा वृत्तान्त याच अंकात अन्यत्र आलेला आहे. पहिली पत्र्याची खोली, मग वसतिगृहाची इमारत, शालान्त परीक्षांचे निकाल, आपल्या मुलामुलींनी पुढे मिळविलेली पदे, हे सारे तेथे नीट नोंदविले आहे आणि ते वाचताना कोणाही माजी विद्यार्थ्याचा ऊर भरून येईल. आम्ही मात्र वेगळा विषय निवडला आहे. तो निवडताना संकोच वाटला, कारण त्यात कार्यकारी मंडळाची, म्हणजे आमचीच, एक चूक सांगावी लागणार आहे. धर्मगुरूंनी पैसा, मजुरी, कर्ज आणि दारिद्र्य यांविषयी जाहीरपणे बोलावे की नाही, हा तो विषय.

काही वर्षांपूर्वीच्या वर्षावासातली गोष्ट. आपल्या वसतिगृहातील निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात, हे वाचकांना सांगायला नको. मुलांनी फडावर जाऊ नये, त्यांची शाळा सुटू नये, यासाठीच तर हे वसतिगृह उभे राहिले. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या गाव सोडतात, त्या उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. पण व्यवहार ठरतो तो त्याआधी, पावसाळ्यात. पेरणीला पैसा गेलेला असतो, शाळा सुरू झालेल्या असतात, घरात कोणी ना कोणी आजारी असते. अशा वेळी मुकादम उचल देतो. एका कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, ठरलेली रक्कम. ती हंगामभर तोडलेल्या टनांतून फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षीच्या वहीवर चढते. योगायोग असा, की उचलीचे हे दिवस आणि वर्षावासाचे दिवस एकच.

त्या वर्षी पालक मेळाव्यात धम्मदेसनेसाठी एक भन्ते आले होते. विषय सिगालोवाद सुत्ताचा होता. आपल्याकडे हे सुत्त वारंवार सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. गृहस्थाचे विनयपिटक म्हणून त्याची ख्याती आहे. भन्तेंनी नेहमीप्रमाणे संपत्तीच्या नाशाची सहा द्वारे सांगितली. मद्यपान, अवेळी रस्त्याने भटकणे, तमाशे-जलसे, जुगार, वाईट मित्र आणि आळस. पालक माना डोलावीत होते. स्त्रिया तर पहिल्या द्वाराशीच एकमेकींकडे पाहून हसल्या. मग सहा दिशांचे विवेचन आले. आईवडील, गुरू, पत्नी, मित्र अशा दिशा करीत भन्ते खालच्या दिशेपाशी आले, आणि येथे ते थांबले. खालची दिशा म्हणजे दास आणि कामकरी. मालकाने त्यांना शक्तीनुसार काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्यांची शुश्रूषा करावी, घरात काही विशेष गोड-धोड झाले तर त्यात वाटा द्यावा आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी, अशी पाच कर्तव्ये भगवंतांनी सांगितली आहेत. एवढे सांगून भन्तेंनी पोथीतून मान वर केली आणि साध्या मराठीत विचारले, “उचल फिटली की नाही, याचा हिशेब कुणाच्या वहीत असतो? तुमच्या की मुकादमाच्या? बाई बाळंत झाली म्हणून फडावर आली नाही, तर त्या दिवसाचा खाडा धरतात की नाही?”

मंडपात शांतता पसरली. मग ते म्हणाले, की प्रत्येक कोयत्याने स्वतःची वही ठेवावी. लिहिता येत नसेल तर निघण्यापूर्वी या वसतिगृहातल्या आपल्या मुलाकडून ती आखून घ्यावी, टनाचा आकडा रोज फडावरच्या कोणाही लिहित्या माणसाकडून भरून घ्यावा. सारी देसना पाऊण तासाची. त्यातली ही पाच-सात मिनिटे.

पहिल्या रांगेत एक गृहस्थ बसले होते. ऊसतोडीच्या टोळ्या पुरविण्याचा आणि वाहतुकीचा त्यांचा मोठा व्यवहार. आपल्याच समाजातले, मुलांविषयी खरा जिव्हाळा असलेले. दोन वर्षे त्यांनी सर्व मुलांना स्वेटर दिले होते आणि भोजनगृहावर पत्रे टाकून देण्याचे कबूल केले होते. ते भोजनदानापूर्वीच निघून गेले. पुढे आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी चहा पाजला, मुलांची चौकशी केली आणि निरोप देताना एवढेच म्हणाले, “भन्तेजींनी धम्म सांगावा. हिशेब आमचा आम्ही बघू.” पत्रे आले नाहीत. त्या पावसाळ्यात उरलेले सारे दिवस मुले वऱ्हांड्यात बसून जेवली.

पुढच्या वर्षीच्या निमंत्रणपत्रात आम्ही एक वाक्य घातले. विषय धम्मापुरता मर्यादित असावा, अशी नम्र विनंती. ठराव एकमताने झाला होता आणि इतिवृत्तात त्याची नोंद आहे. भन्ते आले. त्यांनी नाशाची सहा द्वारे सांगितली, मद्यपानावर विशेष भर दिला आणि देसना संपविली. सगळे प्रसन्न झाले. आभाराचे भाषण सुरू होणार तेवढ्यात मागच्या बाजूने एक माता उभी राहिली. कडेवर लहान मूल, पदर डोक्यावरून घेतलेला. “भन्तेजी, मागल्या साली तुम्ही उचलीचं सांगत होता. वही आम्ही केली होती. मुकादम म्हणला, ही वही चालत नाही. आता काय करायचं?” भन्तेंनी तिच्याकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. “माई, मंडळींशी बोलून सांगतो,” असे म्हणून त्यांनी आशीर्वादगाथा म्हटली.

तो दिवस आमच्या मनातून गेलेला नाही. आज जे लिहितो आहोत ते त्या बाईला द्यावयाच्या उत्तराच्या शोधात लिहितो आहोत.

आमच्या ठरावामागे भीती होती हे खरे, पण केवळ भीती नव्हती. काही कारणे आम्हांला तेव्हाही वजनदार वाटत होती आणि आजही पूर्णपणे हलकी वाटत नाहीत. भिक्खूचे कार्य चित्तशुद्धीचे आहे, बाजारभावाचे नाही. अर्थशास्त्र हे अभ्यासाचे शास्त्र आहे. काषायवस्त्र अंगावर आले म्हणून त्याचे ज्ञान आपोआप येत नाही. शिवाय पैशावर बोलणारा धर्मगुरू आज मजुरीवर बोलेल आणि उद्या निवडणुकीच्या व्यासपीठावर दिसेल. हे आपण पाहिले आहे; सर्व धर्मांत पाहिले आहे. आणि संस्था दानावर चालते. या शेवटच्या कारणाचा उच्चार सभेत कोणी केला नाही, पण ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होते.

या शंका घेऊन आम्ही पुन्हा तिपिटकाकडे वळलो, आणि तेथे आम्हांला वेगळेच चित्र दिसले. दीघनिकायातील कूटदन्त सुत्त घ्या. महाविजित नावाच्या राजाला मोठा यज्ञ करावयाचा आहे. तो आपल्या पुरोहिताला विधी विचारतो. पुरोहित म्हणजे धर्मगुरूच. तो विधी सांगत नाही. आधी राज्याची स्थिती सांगतो. राज्यात चोर-दरोडेखोर माजले आहेत, अशा वेळी नवा कर बसविणे अनुचित ठरेल. चोरांना ठार करून, बंदीत टाकून हा उपद्रव मिटणार नाही. जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. उपाय एकच. जे शेती आणि गोपालन करतात त्यांना बी-बियाणे व चारा पुरवा, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्या, जे राजसेवेत आहेत त्यांना अन्न व वेतन द्या. माणसे आपापल्या कामाला लागली की उपद्रव आपोआप शमेल आणि राजाचा कोशही वाढेल. ही कथा भगवंत स्वतः एका ब्राह्मणाला सांगतात आणि तो शहाणा पुरोहित पूर्वजन्मीचा आपणच, असे सुचवितात. यज्ञाचा मुहूर्त विचारायला आलेल्या राजाला अर्थनीती सांगणारा हा धर्मगुरू आमच्या ठरावाप्रमाणे विषय सोडून बोलत होता, असेच म्हणावे लागेल.

त्या सुत्तात भांडवलासाठी पाभत असा शब्द आहे. पाभत आणि उचल या दोन्ही आगाऊ रकमाच. परंतु पाभताने माणूस स्वतःच्या उद्योगाला लागतो, तर उचलीने तो दुसऱ्याच्या कामाला बांधला जातो. अंगुत्तर निकायात ऋणावर एक स्वतंत्र सुत्त आहे. दरिद्री माणूस कर्ज काढतो, मग व्याज कबूल करतो, व्याज थकले की तगादा लागतो, तगाद्यानंतर पाठलाग आणि शेवटी बंधन. तेथे ही पायरी-पायरीची मांडणी नैतिक दारिद्र्याची उपमा म्हणून आली आहे, हे मान्य केले पाहिजे. पण ज्याने ही उपमा योजिली त्याला कर्जबाजारी माणसाचे घर आतून ठाऊक होते. अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगताना भगवंतांनी अनृणतेचे सुख वेगळे मोजले, ते उगाच नव्हे. आपल्याकडे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाला कामाशी जखडून ठेवणे हा गुन्हा ठरविला. सुत्त सांगणाऱ्याने त्या कायद्याचे नाव घेतले तर तो धम्माबाहेर गेला, असे आम्ही आता म्हणू धजत नाही.

चक्कवत्ति-सीहनाद सुत्त त्याहून कठोर आहे. राजाने परंपरेतली बाकी सर्व कर्तव्ये पाळली, पण निर्धनांना धन दिले नाही. त्यातून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या, हत्येतून असत्य. शीलाचा ऱ्हास व्यसनापासून किंवा आळसापासून सुरू झाला असे तेथे म्हटलेले नाही. तो राजाच्या एका आर्थिक कर्तव्यच्युतीपासून सुरू झाला. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या गरीब शेतकऱ्याची कथा आहे. त्याचा बैल हरवला होता, तो शोधण्यात दुपार झाली. भगवंत भोजनानंतरही देसना न करता त्याची वाट पाहत थांबले, तो आल्यावर आधी त्याला जेवू घालायला लावले आणि मग धम्म सांगितला. भिक्खूंमध्ये कुजबुज झाली, तेव्हा भुकेहून मोठा रोग नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. आमच्या भोजनगृहाच्या भिंतीवर ही कथा चित्ररूपाने रंगविलेली आहे. पत्रे नसलेल्या भोजनगृहाच्या.

आता आम्हांला खुपणारी गोष्ट सांगतो. दारिद्र्यावर बोलायला धर्मगुरूला कोणी कधी बंदी करीत नाही. बंदी येते ती एका विशिष्ट वळणावर. दारू सोडा, लग्नात कर्ज काढू नका, जयंतीला डीजे लावण्याऐवजी मुलांना पुस्तके घ्या, बचत करा, हे सारे भन्तेंनी कितीही कडक शब्दांत सांगितले तरी मुकादमही टाळ्या वाजवितो. कारण यात गरिबाची झाडाझडती आहे. मजुरी इतकी कमी का, वही एकाच बाजूला का, बाळंतिणीचा खाडा का, हे विचारले की लगेच धम्म आणि हिशेब यांची ताटातूट होते. सिगालोवाद सुत्तात दोन्ही आहेत, आणि एकाच प्रवचनात आहेत. नाशाची सहा द्वारे मजुराला लागू आहेत तशी मालकालाही लागू आहेत. खालच्या दिशेची पाच कर्तव्ये मात्र केवळ मालकाची आहेत. आम्ही वर्षानुवर्षे अर्धेच सुत्त ऐकत आलो आणि त्या वर्षी तर अर्धेच सांगा अशी लेखी विनंती केली.

हे लिहिताना गाडगेबाबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यांनी आपल्या कीर्तनांतून गरिबांना जेवढे फटकारले तेवढे क्वचितच कोणी फटकारले असेल. ऋण काढून सण करू नका, नवसाला बकरे मारू नका, पोटाला चिमटा घ्या पण मुलाला शिकवा. पण त्यांच्या हातात गाडगे आणि अंगावर चिंध्या होत्या. ज्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या त्या पैशाला त्यांनी स्वतःसाठी हात लावला नाही. ज्याचे स्वतःचे काही लपविण्यासारखे नाही, त्यालाच दुसऱ्याच्या घरातली उधळपट्टी दाखविण्याचा अधिकार पोहोचतो.

भिक्खू संघाच्या इतिहासात याचा एक जुना दाखला आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीच्या वज्जिपुत्त भिक्खूंनी उपोसथाच्या दिवशी पाण्याने भरलेले काशाचे भांडे मांडले आणि उपासकांना त्यात कार्षापण टाकावयास सांगितले. यश नावाचे भिक्खू बाहेरून आले होते. त्यांनी उपासकांना तेथेच सांगितले, की देऊ नका. शाक्यपुत्रीय श्रमणांना सोने-रुपे वर्ज्य आहे. संघाने जमलेले पैसे वाटून यशांनाही वाटा देऊ केला; त्यांनी तो नाकारला. तेव्हा त्यांना उपासकांची क्षमा मागण्याची शिक्षा देण्यात आली. यश गेले, पण क्षमा मागण्याऐवजी त्यांनी गावकऱ्यांना आपली बाजू भगवंतांच्या वचनांच्या आधारे समजावून सांगितली, आणि लोकांना ती पटली. या वादातूनच दुसरी संगीती भरली. धर्मगुरूने पैशावर बोलण्याचा हा आमच्या परंपरेतला मोठा प्रसंग आहे, आणि त्यात बोलणे सुरू झाले ते स्वतःच्या संघाच्या भांड्यापासून.

त्या देसनेनंतर भन्ते मुक्कामी होते. रात्री कार्यालयात बसले असताना त्यांनी आम्हांला सहज विचारले होते, “तुमच्या स्वयंपाकघरातल्या मावशी आजारी पडल्या तर रजा पगारी असते का?” नव्हती. मानधन होते, तेही अनुदान आले की मिळे. अनुदान कधी कधी सहा-सहा महिने येत नाही, हे संस्थाचालकांना ठाऊक आहे आणि ते आमच्या हाती नाही. पण रजेचा नियम आमच्या हाती होता. मुकादमाच्या वहीविषयी बोललेले आम्हांला का रुचले नाही, याचे एक कारण कदाचित हेही असावे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग धर्मगुरूंनी सर्वच आर्थिक प्रश्नांत उतरावे. तसे आम्ही म्हणत नाही. याबाबतीत बौद्ध जगातल्या एकाच देशाने आपल्याला दोन्ही बाजू दाखविल्या आहेत. १५ ऑगस्ट २००७ रोजी म्यानमारच्या लष्करी शासनाने इंधनाचे अनुदान एकाएकी काढले. डिझेलचा दर सुमारे दुप्पट झाला आणि गॅसचा पाचपट. बसभाडे वाढले, तांदूळ वाढला. तेथे भिक्खू रोज सकाळी पिंडपाताला जातात. घरोघरच्या हंडीत काय शिजते आहे आणि काय शिजेनासे झाले आहे, हे त्यांच्या भिक्षापात्राला कोणत्याही सरकारी अहवालाआधी कळते. सप्टेंबरच्या आरंभी पकोक्कू येथे भिक्खूंनी शांततेने मोर्चा काढला, त्यांना मारहाण झाली. संघाने क्षमायाचना मागितली, दर कमी करण्याची, राजबंद्यांना मुक्त करण्याची आणि संवादाची मागणी केली. ती मान्य झाली नाही, तेव्हा १८ सप्टेंबरपासून भिक्खूंनी लष्करी अधिकाऱ्यांकडून दान घेणे थांबविले. विनयपिटकात याला पात्र उलटे करणे म्हणतात. वड्ढ लिच्छवीच्या प्रकरणात ते प्रथम आले आहे. हजारो भिक्खू मेत्त सुत्ताचे पठण करीत रंगूनच्या रस्त्यांवरून चालले. २६ सप्टेंबरला दडपशाही सुरू झाली आणि अनेक विहार रातोरात रिकामे झाले. उलटे पात्र ही केवढी गोष्ट आहे, याचा विचार दात्याच्या नाराजीने घाबरलेल्या आमच्यासारख्यांनी करण्याजोगा आहे.

पण त्याच देशात पाच-सहा वर्षांनी काही भिक्खू पुन्हा अर्थव्यवहारावर बोलू लागले. ९६९ या आकड्याच्या चिकट्या दुकानांवर लागल्या आणि बौद्धांनी बौद्धांच्याच दुकानांतून खरेदी करावी, मुसलमानांशी व्यवहार करू नये, असा प्रचार सुरू झाला. मार्च २०१३ मध्ये मेइक्तिला शहरात सोन्याच्या एका दुकानातील भांडणाचे निमित्त झाले आणि दंगलीत चाळीसहून अधिक माणसे मेली, त्यांत बहुसंख्य मुसलमान होती. तोही धर्मगुरूंचा आर्थिक उपदेशच होता. पहिल्या वेळी भिक्खूंनी गरिबाच्या ताटाकडे पाहिले आणि सत्तेला प्रश्न विचारला. दुसऱ्या वेळी त्यांनी एका समाजाकडे बोट दाखविले आणि सत्तेला प्रश्न विचारण्याचे सोडून दिले. ज्यांचे पूर्वज गावाबाहेर ठेवले गेले, ज्यांच्या हातचे पाणी आणि ज्यांच्या दुकानातला माल शतकानुशतके विटाळ मानला गेला, त्या आपल्या समाजाला बहिष्काराचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून आमचे मत असे, की भिक्खूने दारिद्र्याच्या कारणांवर अवश्य बोलावे, परंतु कोण्या जातीला किंवा धर्माला त्याचे कारण ठरवू लागला की श्रोत्यांनी तेथून उठून जावे.

अज्ञानाचा आक्षेप उरतो. रुपयाचा विनिमय दर किती असावा किंवा बँकेने व्याज किती घ्यावे, हे भन्तेंनी सांगू नये; त्यांनी ते सांगितलेही नव्हते. मात्र दुःख सांगायचे आणि त्याचे कारण शोधायचे नाही, हे धम्मात बसत नाही, आणि कारण शोधायचे तर अभ्यास करावा लागतो. बाबासाहेबांचे उदाहरण पुढे आहे. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतधारणेवर निबंध लिहिला तेव्हा, तुकडे एकत्र करा एवढ्यावर न थांबता, शेतीवर अवलंबून असलेल्या अतिरिक्त माणसांना दुसरा उद्योग कसा मिळेल, हा प्रश्न त्यांनी विचारला. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ आला. १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मुंबई विधिमंडळात मांडले. आणि धम्मदीक्षेनंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, २० नोव्हेंबर १९५६ रोजी, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बोलायला उभे राहिले तेव्हा विषय होता बुद्ध आणि कार्ल मार्क्स. तेथे भिक्खूंपुढे दारिद्र्य आणि शोषण हाच प्रश्न ठेवून, त्याचे उत्तर बुद्धाच्या मार्गाने कसे देता येते, हे त्यांनी मांडले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी जे चार प्रश्न उपस्थित केले आहेत, त्यांतला शेवटचा भिक्खूविषयीच आहे : भगवंतांना भिक्खू निर्माण करावयाचा होता तो स्वतःपुरता परिपूर्ण मनुष्य म्हणून, की लोकांचा सेवक म्हणून? धम्माचे भवितव्य या उत्तरावर अवलंबून आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांत नवदीक्षित बौद्धांनी तुरुंग भरले. आमच्या वडीलधाऱ्यांना धम्म आणि जमीन हे दोन वेगळे विषय आहेत, असे कधी वाटले नव्हते. ते वेगळे आम्ही केले, संस्था उभ्या राहिल्यावर.

इतर धर्मांतही हा झगडा आहे. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या वेतनावर आणि संघटनेच्या हक्कावर विश्वपत्र काढले, तेव्हा धर्मपीठाने कारखान्यात लक्ष का घालावे, अशी कुरकुर झालीच. एल साल्वाडोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो गरिबांच्या बाजूने बोलत राहिले आणि २४ मार्च १९८० रोजी वेदीपाशी प्रार्थनाविधी करीत असताना त्यांना गोळी घातली गेली. त्या मानाने आमचे पत्रे फारच स्वस्त होते.

पत्र्यांचे पुढे काय झाले, हे माजी विद्यार्थी जाणतात. त्यांनीच वर्गणी काढून ते टाकून दिले. ज्या गृहस्थांनी दान थांबविले त्यांच्याशी आमचा संबंध तुटलेला नाही आणि तुटू नये अशीच इच्छा आहे. गेल्या उन्हाळ्यात ते मुलांना भेटून गेले. सिगालोवाद सुत्तात श्रमणांची दिशा वरची आहे, आणि जे ऐकलेले नाही ते ऐकविणे व जे ऐकले आहे ते स्पष्ट करणे ही त्यांची गृहस्थाप्रत कर्तव्ये म्हणून सांगितली आहेत. हा गृहस्थ मजूरही असू शकतो आणि मुकादमही. भन्ते त्यांच्याशीही बोलू इच्छितात, असे आम्ही त्यांना कळविले आहे. त्यांनी अद्याप हो किंवा नाही म्हटलेले नाही.

त्या मातेचा प्रश्न मात्र जागेवरच आहे. मुकादम म्हणतो वही चालत नाही. मग कोणती चालते? माजी विद्यार्थ्यांपैकी जे वकिली करतात त्यांच्यापैकी तिघांनी दोन्ही बाजूंच्या सह्यांची एक साधी हिशेबवही तयार करण्याचे मान्य केले आहे. तिच्यात उचलीची रक्कम, दर टनाचा भाव, रोजचे टन आणि कापलेले खाडे असे रकाने असतील. स्वयंपाकघरातील मावशींच्या पगारी रजेचा ठराव जूनच्या सभेत संमत झाला असून तो कार्यालयाबाहेर लावलेला आहे.

यंदाच्या पालक मेळाव्याचे निमंत्रण त्याच भन्तेंना गेले आहे. पत्रात विषयाची अट नाही. मेळावा नेहमी भाद्रपदात होतो. यंदा तो आषाढ पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी ठेवला आहे, म्हणजे बहुतेकांनी उचल घेण्यापूर्वी. पालकांनी येताना गेल्या हंगामाची कोणतीही चिठ्ठी, पावती किंवा वही हाती असल्यास सोबत आणावी.